आक्कांची मोटार उलट्या क्रमानं जोडली तेव्हा

परवा आप्पांची मोटार निपाणीला पोचवून आलो. इतके महिने माझ्या शेडमध्ये सुटी होऊन पडलेली गाडी... आता त्यांच्या दारात उभी आहे. एरवी काम संपलं की हलकं वाटतं. या वेळी नाही वाटलं.

आप्पा म्हणजे निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. गाडी त्यांच्या नावावर, पण चालवायच्या त्यांच्या पत्नी, आक्का. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मीच त्यांना शिकवली होती. नऊवारीचा पदर खोचून त्या स्टिअरिंगवर बसायच्या, आप्पा शेजारी... संकेश्वरच्या बाजारात लोक दुकानं सोडून बघायला यायचे.

लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि गाडी दगडांवर चढवून ठेवली. गंज चढला, उंदरांनी गाद्या कुरतडल्या. लढाई संपल्यावर आक्कांनीच हट्ट धरला, गाडी पहिल्यासारखी करून घ्यायची म्हणून. लॉरीत घालून ती शहापूरला माझ्या शेडवर आली आणि मी तिचा नट न् नट सुटा केला.

खोलणं सोपं असतं. जोडताना मात्र आधी क्रम ठरवावा लागतो... जे मागाहून झाकलं जाणार ते आधी बसवायचं. खालचा सांगाडा, स्प्रिंगचे पाटे, चाकं, ब्रेक. मग इंजिन आणि गिअरबॉक्स, त्यावर बॉडी, मग स्टिअरिंग. गाद्या आणि कापडी टप अगदी शेवटी. या गाडीला बॉडी आधी चढवली, तर इंजिनासाठी ती परत उतरवावी लागते.

चाकं आणि ब्रेक झाले आणि मी थांबलो. मुंबईहून पिस्टन यायचे होते.

तेवढ्यात आक्का आजारी पडल्या. पोटात गाठ निघाली. औषधपाण्यासाठी त्यांना इकडे आणलं, शेडजवळच वडगावात आक्कांच्या भावाच्या घरी ठेवलं... पण डॉक्टरांनी शेवटी घरी घेऊन जा म्हणूनच सांगितलं.

ते सांगितलं त्याच दिवशी आप्पा एकटे शेडवर आले. जमिनीवर मांडलेल्या भागांमधून फिरून इंजिनापाशी थांबले.

"शंकर, इंजिन कवा बसतंय?"

"पिस्टन आल्याबिगर न्हाय, आप्पा. कवा येतील काय सांगता येत न्हाय."

"मग इंजिन राहू दे. तिला एकदा स्टिअरिंगवर बसता येईल, एवढं करता येतंय काय बघ."

आत्ता बॉडी चढवली तर इंजिनासाठी परत उतरवावी लागेल, मी म्हणालो. "उतरव की मग," ते म्हणाले आणि टोपी सारखी करून निघून गेले.

मी सगळा क्रम नव्यानं मांडला. बसायला काय लागतं, वळवायला काय लागतं, एवढंच बघायचं. बॉडी, स्टिअरिंग, पुढची गादी... दिवे, मडगार्ड, टप सगळं बाजूला ठेवलं. माझ्या दोघा कामगारांना कारण सांगितलं, तर ते जेवायलासुद्धा घरी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा टांगा आला. आक्का इतक्या वाळल्या होत्या की मी आधी दुसरीकडेच बघितलं. आप्पांनी त्यांना दोन्ही हातांनी उचलून गाडीत बसवलं. चारचौघांत नवऱ्यानं बायकोला असं उचललेलं आमच्या गल्लीनं कधी बघितलं नव्हतं.

आक्कांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि पुढं बघितलं. पुढं नुसती पोकळी.

"इंजिन कुठाय रं, शंकर?"

"बसवायचंय अजून, आक्का. आज आम्ही ढकलतो."

त्या हसल्या. "चला तर."

मी गाडीच्या दारापाशी हँडब्रेकवर हात ठेवून चालत होतो. मागून दोघं कामगार आणि आप्पा. वाटेवरच्या घरांतले हातमाग थांबले, माणसं दारात आली. आप्पांना धाप लागली, तशा आक्का मागं न बघताच म्हणाल्या, "अहो, जोर लावा की. जेवला न्हाईसा व्हय?"

सगळे हसले. आप्पाही हसले... आणि मग ढकलता ढकलता त्यांनी गाडीच्या पाठीला कपाळ टेकलं. बराच वेळ वर केलंच नाही.

कोपऱ्यावर मी स्टिअरिंगला हात लावायला गेलो, तर आक्कांनी तो बाजूला केला आणि गाडी स्वतः वळवली. अगदी नीट. "अजून येतंय की मला," स्वतःशीच म्हणाल्या. थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "बास आता."

त्याच आठवड्यात त्यांना निपाणीला नेलं. तिथंच त्या वारल्या. पिस्टन त्यानंतर आले.

बॉडी उतरवायच्या दिवशी आप्पा आले होते. "स्टिअरिंग काढायलाच लागतंय व्हय?" त्यांनी विचारलं. मी व्हय म्हणालो. ते मान हलवून बाहेर जाऊन उभे राहिले. आत आम्ही तिघं नट सोडत होतो.

मग सगळं क्रमानं झालं. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं...

परवा निघताना मी आप्पांना म्हणालो, मागं ऐसपैस बसा. "न्हाय, माझी जागा हीच," म्हणून ते माझ्या शेजारी बसले. हत्तरगीच्या घाटात म्हणाले, "हितं ती गिअर बदलायची."

निपाणीत गाडीचा आवाज ऐकून घरातली सगळी माणसं बाहेर आली. सगळ्यांनी आधी स्टिअरिंगकडेच बघितलं... तिथं मी बसलो होतो. मी घाईनं खाली उतरलो.

आजवर कितीतरी गाड्या क्रमानं जोडल्या. ही एक क्रम मोडून जोडली, याचं मला बरं वाटतं. माझ्या मनावर असतं तर पिस्टनची वाट बघत बसलो असतो. आप्पा त्या दिवशी शेडवर आले आणि त्यांनी मला विचारलं... त्यांचे उपकारच आहेत माझ्यावर.