पहिला आलेला

राजारामपुरीतला तो सायकल मिस्त्री चाकाची तार बोटानं छेडून, डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचा. एकदा त्याच्या मोबाइलवर परदेशातली सायकल शर्यत लागली होती. सगळ्यांना मागं टाकून एक जण एकटाच घाट चढत होता.

"उत्तेजक औषध घेतल्याशिवाय कुणी असा चढेल का?" मी म्हणालो.

त्यानं पाना खाली ठेवला.

"तरणा असताना गगनबावड्याच्या घाटात सायकल शर्यतीला मी इंजेक्शन घिऊन पळालतो, पावणं. तरी दुसरा आलो. मग पहिल्यालाच चोर म्हणालो, पार बोंबलून. समद्यांस्नी पटलं की. त्यानं सायकलच सोडली."

"त्यानं घेतलं होतं?"

"तवा बी ठावं नव्हतं, आज बी न्हाय."

जिंकणाऱ्यांबद्दल मला अजूनही शंका येते. बोलायला मात्र जीभ रेटत नाही.