साडूंचा आफ्रिकी ठेका

माझ्या साडूंइतका जमिनीला न टेकता चालणारा माणूस दौंडपासून शिरूरपर्यंत दुसरा सापडणार नाही. कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात ते शिफ्ट करतात, लग्नसराईत बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात आणि उरलेला वेळ, म्हणजे जेवताना, झोपेत आणि बायको बोलत असताना, आफ्रिकेत असतात. सॅक्सोफोनच्या तोंडाची वेताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ओली राहावी म्हणून ती कायम त्यांच्या तोंडात. त्यामुळे घरातल्या साखरपुड्यातसुद्धा त्यांनी 'हूं'पलीकडे मत दिलेलं नाही. सरावाला ते विहिरीच्या कठड्यावर बसतात. "आत सूर सोडला की वल्ला होऊन वर येतो, पाव्हणं," असं एकदा म्हणाले. मी घाईघाईने मान हलवली. त्यांच्यापुढे मी नेहमीच न कळता मान हलवत आलो, याची टोचणी मला आहे.

मोबाइलवर आफ्रिकेतले ढोल ऐकून ऐकून त्यांनी जॅझचा एक अल्बम केला. बँडच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून तो रेकॉर्ड झाला. वर सॅक्सोफोनचा लांब, सुस्त सूर आणि खाली तो ठेका, चालता चालता मध्येच पाऊल रेंगाळावं तसा. ऐकताना मला कालव्याच्या पाण्यावरून तरंगत गेल्यासारखं वाटे. पण साडूंना तरंगणारे नको होते, नाचणारे हवे होते. आमच्या गावी, शिरूरजवळ, माझ्या पुतण्याची वरात निघाली तेव्हा ते म्हणाले, "आज आपलं अल्बममधलं वाजवतो. चार माणसं नाचली तर ठीक. न्हाईतर बाजा पेटीत, कायमचा."

पहिल्याच सुरांना पोरं थबकली. "मामा, झोपवताय का काय? नाचायचं लावा की!" थांबवायला मी पुढे झालोही. तेवढ्यात आमच्या शेजारचे धनगर आबा रस्त्यात आले, खिशातला रुमाल काढून त्यांनी एक गिरकी घेतली. "आरं, ह्यो तर आपल्या गजी ढोलाचा भाऊ हाय!" म्हणत त्यांनी आणखी म्हातारे ओढले. बिरोबाच्या जत्रेत गजी ढोलावर नाचावं तसे सगळे नाचले. मागून पोरंही.

साडू मात्र डोळे मिटून वाजवत होते. डोळे उघडले तेव्हा वरात मांडवात शिरली होती आणि रस्ता रिकामा होता.

"अहो, नाचले! आबा नाचले!" मी शपथेवर सांगितलं.

"तुमचं मन मोठं हाय, म्हणून म्हणताय," म्हणत त्यांनी पेटी बंद केली. जन्मभर नुसती मान हलवणाऱ्याचं कोण खरं मानणार?

पेटी बरेच दिवस बंदच राहिली. शेवटी मी आबांनाच दौंडला घेऊन गेलो. "पाव्हणं, त्या दिवशी माझं अर्धंच राहिलं," आबा दारातूनच म्हणाले. "पुरं करा की."

साडूंनी पेटी ओढून उघडली. मग म्हणाले, "आता डोळं उघडं ठेवून वाजवतो."

सुरुवातीचे सूर त्यांनी आबांच्या पायांवर नजर रोखून वाजवले. आबांनी अंगणात हात वर केला, गिरकी घेतली, आणि साडूंचे डोळे आपसूक मिटले. हाक मारायला मी तोंड उघडलं. पण नाही मारली.