उजेड किंचित कमी होतो

काल मी बायकोचं अर्धं सोडवलेलं शब्दकोडं कात्रीने कापून टाकलं. माझं लक्ष पानाच्या दुसऱ्या बाजूला होतं. तिथे अवकाशातल्या दुर्बिणींवर लेख आला होता, आणि असलं काही छापून आलं की लेकीसाठी, मुक्तासाठी, कात्रण कापून ठेवायचं ही माझी जुनी सवय. मुक्ता जाऊन दोन वर्षं झाली, हे डोक्याला कळलंय. हाताला कोणी सांगायचं?

गुन्हा झालाच होता, म्हणून लेख वाचून काढला. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह म्हणे सहसा दिसतच नाही. दुर्बीण आपली ताऱ्याकडे टक लावून बसते. ठरावीक वेळाने ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. तेवढ्यावरून ओळखायचं, की समोरून कोणीतरी गेलं.

संध्याकाळी सहाला खाली कोणाची तरी स्कूटी थांबली. मुक्ता क्लासहून याच वेळी यायची. मेथी निवडणारा बायकोचा हात थबकला, चेहरा जरासा उतरला, आणि पुन्हा होता तसा झाला. मी खिशात लपवलेलं कात्रण बाहेर काढलं, तिला सगळं वाचून दाखवलं आणि वर शास्त्रज्ञाच्या थाटात म्हणालो, "तुझा चेहरा रोज सहाला असाच उतरतो."

कापलेल्या कोड्याकडे तिने पाहिलंही नाही.

"अहो, तुमचाही उतरतो," ती म्हणाली. "म्हणून तर रोज सहाला भाजी घेऊन तुमच्यासमोर बसते. तेवढीच ती घरी येऊन जाते."