सारख्या ताणाचे चाक

विणकाम खाते पुलापलीकडच्या नव्या शेडमध्ये जाणार, असे मुकादमांनी सांगितले तेव्हा वहिनींनी पहिला प्रश्न विचारला तो बसचा. पहिली पाळी सुरू होते त्या वेळी त्या बाजूला एकही बस जात नव्हती. मुकादम म्हणाले, "सोमवारी भोंग्याच्या आधी जो मागापाशी उभा असेल, त्याचा माग. बाकीच्यांचा हिशोब करून देऊ." यात मुकादमांचा दुष्टपणा नव्हता. नव्या शेडमध्ये माग कमी होते आणि माणसे जास्त होती, एवढेच.

नात्याने पाहिले तर त्या एकट्या नणंदबाईंच्याच वहिनी होत्या. त्यांची हाक ऐकून आधी शेजारी आणि मग कारखाना त्यांना वहिनी म्हणू लागला. यजमान वारल्यावर या दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या. भांडणाला जागा नको म्हणून त्यांनी प्रारंभीच सर्व काही सारखे वाटून घेतले होते. कपाटाचे खण सारखे, कपडे वाळवण्याची दोरी निम्मी निम्मी, आणि सकाळचे पाणी एक दिवस एकीने व एक दिवस दुसरीने भरायचे. नणंदबाई एकदा तापाने फणफणल्या असतानाही त्यांनी आपल्या पाळीच्या बादल्या स्वतः उचलल्या होत्या, आणि वहिनींनी त्या उचलू दिल्या होत्या. त्यात दोघींनाही काही वावगे वाटले नव्हते.

बस नाही म्हणून वहिनी जुनी सायकल शोधू लागल्या. ती भंगारवाल्याकडे भिंतीला टेकवलेली सापडली. वहिनी लहानपणी भावाची सायकल चालवीत असत व तो तोल अजून अंगात असेल असा त्यांचा भरवसा होता.

"हायब्रिड आहे," भंगारवाला म्हणाला. "डांबरी रस्त्यावर पळते, खडीवरही पळते."

"सध्या कशावर पळते?"

"सध्या ढकलावी लागते."

वहिनींनी ती ढकलतच घरी आणली. नणंदबाई दारात उभ्या राहिल्या व त्यांनी सायकल हँडलपासून मागच्या चाकापर्यंत पाहून घेतली.

"हायब्रिड बियाणं असतं, ते ऐकलं होतं. आता सायकलही निघाली का?"

"शर्यतीची असते आणि डोंगरातली असते ना वन्सं, त्या दोन्हींच्या मधली म्हणे."

"म्हणजे धड ही नाही, धड ती नाही. मग शोभेल या घरात."

पुढचे काही दिवस पाळीवरून आल्यावर वहिनी बोळात बसून काम करीत. खोगिराची फाटकी गादी त्यांनी कापडाच्या जाड काठाने शिवून काढली. दांड्यांवरचा गंज चुरगळलेल्या चंदेरी कागदाने घासला. चेन रॉकेलमध्ये भिजवली आणि दातांच्या ब्रशने एकेक कडी साफ केली.

"वहिनी, तो ब्रश माझा तर नव्हे?"

"जुना आहे हो."

"जुना कधीपासून?"

"सकाळपासून."

बाजूला काढलेले पैसे ब्रेकच्या रबरांत आणि ट्यूबमध्ये संपले. मागचे चाक मात्र तसेच राहिले. ते फिरताना डावीउजवीकडे लचकत असे. कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, "फार आउट आहे. चाकच बदला." नवे चाक सायकलीपेक्षा महाग होते. वहिनींनी त्याच्याकडून स्पोक पिळण्याची चावी उसनी मागितली. त्याने ती दिली आणि बजावले, "मागचं चाक आहे, जपून. अडलात तर या."

रविवारी वहिनींनी सायकल उलटी करून ठेवली. मागावर उभे धागे लावताना सगळ्या धाग्यांना एकसारखा ताण द्यावा लागतो. एक धागा सैल राहिला तरी कापडाला झोळ येतो. हे काम वहिनींच्या बोटांना इतके सवयीचे होते की त्यांनी चाकाकडेही त्याच नजरेने पाहिले. एकेक स्पोक बोटाने छेडायचा, बद्द वाजला तर चावीने ताणायचा, फार चढा वाजला तर सैल करायचा. दुपार कलेपर्यंत सगळे स्पोक एका सुरात वाजू लागले.

"चाकाला गाणं शिकवतेस का?" नणंदबाईंनी आतून विचारले.

"झालं शिकवून," वहिनी म्हणाल्या. चाक फिरवून पाहिले तर ते जराही लचकले नाही. त्यांना फार समाधान वाटले.

ते समाधान गल्लीच्या तोंडापर्यंत टिकले. चाक सरळ फिरत होते हे खरे, परंतु ते सगळेच्या सगळे डावीकडे सरकून बसले होते आणि वर वजन येताच टायर सायकलीच्या दांडीला घासत होता. वहिनींनी चाक काढून पुन्हा बसवले, नट आवळले, ब्रेक सैल केला. उपयोग झाला नाही. त्या सायकल ओढत परत आल्या.

"दुरुस्त केलीस की बिघडवलीस गं?"

"वन्सं," वहिनी पायरीवर बसून म्हणाल्या, "माझा माग जाईल हो उद्या."

नणंदबाईंच्या ओठांवर दुसरा टोमणा तयार असावा. त्यांनी तो गिळला आणि त्या दारातून बाजूला झाल्या.

सायकलवाला दुकान आवरत होता. त्याने अंगठ्याने दोन्ही बाजूंचे स्पोक छेडले.

"सगळे सारखे ताणलेत?"

"अगदी सारखे."

"तिथंच घोळ झाला. पुढच्या चाकाला चालतं ते. मागच्याला एका अंगाला गिअरच्या चकत्या असतात. त्या जागा अडवतात, म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त उभे बसतात. उभ्यांना जास्त ओढावं लागतं, तेव्हा कुठे रिम मध्ये राहते. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या की चाक दुसरीकडे पळतं."

"म्हणजे एका बाजूवर मुद्दाम जास्त ताण ठेवायचा?"

"कायमचा. मी करून देऊ का?"

त्याने मजुरी सांगितली. वहिनी म्हणाल्या, "चावी उद्यापर्यंत राहू दे, दादा."

घरी येऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. गिअरच्या बाजूचा स्पोक थोडा आवळायचा, समोरचा तेवढाच सैल करायचा. आयुष्यभर ज्याला खोट म्हटले ते आता जाणूनबुजून करावयाचे होते, आणि दर पिळाला त्यांचा हात अडत होता. एकदा तर त्यांनी नकळत सगळे पुन्हा सारखे करायला घेतले व मग त्या स्वतःवरच चिडल्या. नणंदबाई दिवा धरून उभ्या राहिल्या. कशासाठी काय, हे त्यांनी विचारले आणि वहिनींनी सायकलवाल्याचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. शेवटी टायरच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट जाईल एवढी फट झाली. एका जागी किंचित लचक उरली होती. ती काढण्याचे धाडस वहिनींनी केले नाही.

सोमवारी पाण्याची पाळी वहिनींची होती. त्या उठून मोरीशी गेल्या तर बादल्या भरलेल्या होत्या. नणंदबाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"वन्सं, आज माझी पाळी."

"माहीत आहे मला."

"मग उद्या मी भरते."

"उद्याही तुला याच वेळी निघायचंय ना? पाणी आता रोज मी भरीन. चहा घे."

"आणि माझ्या वाट्याला काय?"

"तुझ्या वाट्याला पूल."

"हे काही सारखं झालं नाही, वन्सं."

"नाहीच झालं. निघ आता."

वहिनींनी उभ्याउभ्याच चहा घेतला आणि त्या निघाल्या. पुलाच्या चढावर त्यांना दम लागला, परंतु उतरावे लागले नाही. उरलेली लचक दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला लागे आणि टिक असा आवाज होई.

भोंगा झाला तेव्हा त्या एका मागापाशी उभ्या होत्या. मुकादमांनी त्यांचे हात पाहिले. "वहिनी, आधी वंगण धुऊन या. कापडाला डाग पडतील."

"आधी खूण करा," वहिनी म्हणाल्या. "मग धुते."

मुकादमांनी मागावर खडूने रेघ ओढली. वहिनी ती पूर्ण होईपर्यंत थांबल्या आणि मग हात धुवायला गेल्या.