एका मेमरीत दोन प्रोग्राम

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आर्वीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापसाच्या काट्याचा प्रोग्राम बसवला. मीच लिहिलेला, एकटीनं. आजही सांगताना मान ताठ होते.

युनिक्सवर चालणारं जुनं मशीन होतं. एक प्रोग्राम काट्यावर आलेल्या गाडीचा नंबर आणि वजन घ्यायचा, दुसरा तेच आवारातल्या मोठ्या बोर्डावर दाखवायचा. दोघांच्या मध्ये मेमरीचा एक सामायिक तुकडा. पहिल्यानं त्यात लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. झटपट काम! मी स्वतःवरच खूश.

आठवडाभरात एका शेतकऱ्याच्या नंबरासमोर आधीच्या गाडीचं वजन झळकलं, तेही त्याच्या अंदाजापेक्षा दीड क्विंटल कमी. "काटा मारून राह्यले!" एकच कालवा झाला. तो भरली गाडी तशीच परत घेऊन गेला. मालकानं बोर्ड बंद केला आणि मला सगळ्यांसमोर सुनावलं, "पोट्टीच्या डबड्यापायी माही इज्जत जाऊन राह्यली. उद्या सकाळपर्यंत नाई जमलं, तं उचलून नेजो." नागपूरच्या एका जाणकाराला फोन लावला, तर म्हणे नवीन मशीन घ्या. डोंबल! माझं तर डोकंच फिरलं.

दुपारी काटेवाले काका जुन्या पद्धतीनं पाटीवर खडूनं लिहीत होते, आधी गाडीचा नंबर, मग वजन. एक गाडीवाला घाईनं वाकून वाचायला लागला. काका खेकसले, "अबे, हात उचलू दे ना! आधीचं वजन पुसलं बी नाई, अन् वाचून राह्यला!"

मी ताडकन उठले. अगं बाई! माझा पहिला प्रोग्राम नवा नंबर लिहायचा, आणि वजन लिहायच्या आतच दुसरा वाचून मोकळा व्हायचा. मधे कुलूपच नव्हतं. चूक मशीनची नव्हती, माझीच होती. संध्याकाळपर्यंत मी सेमाफोर टाकला, म्हणजे लिहिणाऱ्याचं पुरतं होईस्तोवर वाचणाऱ्यानं थांबायचं.

सकाळी तोच शेतकरी रांगेत पहिला. गाडी काट्यावर चढली, बोर्ड उजळला. त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढली. येताना रस्त्यावरच्या त्रयस्थ धर्मकाट्यावर गाडी तोलून आला होता पठ्ठ्या! त्यानं चिठ्ठी बघितली, बोर्ड बघितला, परत चिठ्ठी बघितली. मग ती फाडून टाकली आणि मागच्या गाडीवाल्यावर ओरडला, "आन गा गाडी! काटा खरा हाय."