अंतोनच्या कपाळावरचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाद्रींना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण हे पोटात ठेवून जगायचा आता मला कंटाळा आला आहे — हो, कंटाळाच.

आधी त्यातलं सोपं सांगते. मी देव मानत नाही.

माझा जन्म गोव्यातला, सासष्टीतल्या एका गावचा. पोर्तुगीज अमदानी होती. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की वाटेत असाल तिथे थांबायचं, आणि घरी आल्यावर सगळ्यांनी गुडघे टेकून जपमाळ म्हणायची. पंधरा-सोळा वर्षांची असताना केव्हातरी, माळ हातात असतानाच, माझ्या लक्षात आलं की पलीकडे कुणी ऐकत नाहीये. काही घडलं नव्हतं — कुणी मेलं नव्हतं, कुणी छळलं नव्हतं. विश्वास नुसता निघून गेला. पण बोलणार कुणाशी? शेजारी, मास्तर, पाववाला, सगळे एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे. तिथे असं म्हणणारी मुलगी वेडी ठरली असती, नाहीतर वाया गेलेली. मी गप्प राहिले. ओठ हलवत राहिले.

मुंबईला नर्सिंग शिकले आणि पनवेलला एका डॉक्टरांच्या छोट्या प्रसूतिगृहात नोकरी धरली. पनवेल मला आवडलं, कारण तिथे मला कुणी काही विचारत नसे. बाळंतपणाला आलेल्या आगरी बायका माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणायच्या, "बाय लय देवाची हाय." मी हसायचे. क्रूस काढायचं धाडस मात्र तिथेही झालं नाही. का? आईला कळेल म्हणून? की सवयीने? माहीत नाही.

मार्टिना आली ती त्याच काळात. तिचा नवरा कायतान पळस्प्याच्या नाक्यावर ट्रक दुरुस्त करायचा. दोघं गोव्याची, पोर्तुगीज गोवा आणि भारत यांच्यातली हद्द बंद झाल्यामुळे त्यांना गावी जाता येत नव्हतं. सातव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या. दुपार होती, डॉक्टर एका खेड्यात गेलेले. मुलगा झाला — ओंजळीत मावेल एवढा. श्वास घ्यायचा, थांबायचा. तो राहणार नाही हे मला दिसत होतं. तिलाही.

आम्ही कोकणीतच बोलायचो. ती म्हणाली, "बाय, पाद्री येईपर्यंत हा थांबायचा नाही. तूच बाप्तिस्मा दे. अंतोन नाव ठेव — माझ्या बाबांचं."

बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं मूल स्वर्गात जात नाही, अधांतरी राहतं, अशी आमच्यातली समजूत; म्हणून अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. जीव आहे तोवर कपाळावर पाणी घालायचं आणि एक वाक्य म्हणायचं. ते वाक्य मला पाठ होतं.

मी बाळाला घेऊन शेजारच्या खोलीत गेले. वाटीत पाणी घेतलं. आणि — हात पुढे होईना. मनात आलं, आयुष्यभर नाटक केलं, आता या जिवासमोर तरी नको. किती उदात्त वाटलं मला तेव्हा! पण तो प्रामाणिकपणा कुणापुढे होता? बंद खोलीत, जिथे मला बघणारं कुणी नव्हतं. गावासमोर जे जमलं नाही, ते मी एका मरत्या बाळावर भागवून घेत होते.

अंतोन माझ्या हातातच गेला.

मग मी जे केलं — इथेच मी इतकी वर्षं अडते — मग मी वाटीत बोटं बुडवली आणि त्याचं कपाळ, जावळ ओलं केलं. तो गेल्यावर. तिला दिसावं म्हणून.

"घातलंस पाणी?" मार्टिनाने विचारलं.

"घातलं."

"जिवंत होता ना तेव्हा?"

"होता."

तिने ओल्या जावळावरून हात फिरवला आणि रडता रडता हसली. "मग स्वर्गात मला भेटेल तो." दफनाच्या वेळी उरणहून आलेल्या पाद्रींनी मला तेच विचारलं. त्यांनाही मी तेच सांगितलं.

गोवा मोकळा झाल्यावर दोघं गावी परत निघाली. मी पळस्प्याला निरोप द्यायला गेले. मार्टिनाच्या कडेवर मुलगी होती. तिला माझं नाव ठेवलं होतं. मार्टिनाने माझे दोन्ही हात धरले. "तू नसतीस तर माझा अंतोन अधांतरी राहिला असता." तेव्हा सांगता आलं असतं. पण कुणासाठी सांगणार होते — तिच्यासाठी, की माझ्यासाठी? मी "जपून जा" म्हणाले.

मार्टिना गेल्याचं हल्लीच कळलं. शेवटी तोंडात अंतोनचंच नाव होतं म्हणे.

आता तिला दुखवायची भीती उरली नाही, म्हणून बोलते आहे. हाही भित्रेपणाच, मला कळतं. तरी किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! परवाच्या रविवारी मी प्रार्थनेला गेलेच नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, "बरी आहे. मी देव मानत नाही." त्या म्हणाल्या, "असं होय," आणि कपडे वाळत घालू लागल्या. एवढंच! एवढ्यालाच मी जन्मभर घाबरले?

त्यांना पुढचं सांगितलं नाही. ते इथे सांगते. देव नाही असं वाटत असूनही ते पाणी मला सहज घालता आलं असतं, मार्टिनासाठी. मी घातलं नाही. आणि घातलं म्हणाले.