चहा होईपर्यंत

सुमनताई गेल्या, हे त्यांच्या भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं, परवाच तर चहाला थांबवून घेतलं त्यांनी मला!" मरणाच्या बातमीला हे काय उत्तर झालं? पण ताई माझ्या आयुष्यात आल्या त्याच मुळी चहापायी... आणि तेव्हा मला त्यांचा भयंकर राग यायचा.

ती सत्तरच्या दशकातली दुष्काळाची वर्षं. घरोघरी काय विकत येतं, काय पुरवून वापरतात, काय टाकून देतात, याच्या अभ्यासासाठी त्या नागपूरहून आमच्या जऊळक्यात येत. मुक्काम शिरपूरच्या धर्मशाळेत. "टाकाले काय हाय बाई आमच्या घरी?" असं म्हणत माय हसायची आणि लगेच स्टोव्ह पेटवायची. माझा जीव खालीवर! रेशनचं घासलेट तळाला गेलेलं, मॅट्रिक तोंडावर आलेली आणि कंदिलाशिवाय अभ्यास करणार कसा? "माय, काहून पेटवतं स्टो? चूल हाय ना!" माय कुजबुजली, "चूल पेटेपर्यंत बाई उठून गेल्या तं? घाई हाय म्हणून किती लोक आपल्या घरून चहा न घेता गेले, तुले मालूम नाही?" आमचं बौद्धांचं घर. लोकांची ती घाई मलाही पाठ होती.

एका संध्याकाळी ताईंनी विचारलं, "चहाला रोज स्टोव्हच पेटवता?" माय "हो" म्हणाली आणि माझं डोकंच सटकलं. "खोटं हाय! तुमी आल्या का पेटते. माह्या कंदिलाचं घासलेट तुमच्या चहात चाल्लं!" माय पांढरीफटक पडली. बाहेर शिरपूरची शेवटची एसटी हॉर्न देत होती. आता या उठणार, संपलं! पण ताईंनी पाट ओढला आणि त्या चुलीपुढे बसल्या. "चुलीवरच ठेवा. होईपर्यंत मी हलत नाही." त्या साली जळणाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्याही नव्हत्या, हिरवट बाभूळ नुसती धुपत होती. माय फुंकणी फुंकत होती, पण डोळे ताईंवर. पुन्हा हॉर्न वाजला. ताई डोळे चोळत बसूनच. मग गाडी गेल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मायने नीट श्वास घेतला. ताई त्या दिवशी आमच्याकडेच जेवल्या, राहिल्या.

"पाहुण्यापुढचं घर निराळं असतं गं," त्या पुढे नेहमी म्हणायच्या. त्यानंतर कुठल्याही घरी त्या आधी चुलीपाशी बसत, प्रश्न मागाहून. मी मॅट्रिक झाले, कंदिलावरच. अभ्यास संपवून त्या निघाल्या तेव्हा मायने तो पाट त्यांना देऊन टाकला.

त्या गेल्यावर, मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी भाचीला भेटायला गेले. गॅसच्या ओट्याखाली पाट तसाच. भाची म्हणाली, "मावशी, तुमची गाडी आहे ना? घाई असेल तर राहू दे चहा."

मी पाट ओढला. "ठेव गं. जाऊ दे गाडी."